ताईचा व्हिडिओ आणि साखरपुडा

अरे, आमच्या ताईचं लग्न एका व्हिडिओपायी मोडायला आलं होतं, ठाऊक आहे? ताई मिरकरवाडा बंदरातून मासळीचे व्हिडिओ टाकते, तेही घरी बोलतो त्याच बोलीत. साखरपुडा ठरला आणि मुंबईहून मुलाचा फोन आला, "ऑफिसातले हसतात गं. ते व्हिडिओ काढून टाक, नाहीतर नीट मराठीत बोल."

ताई म्हणाली, "मी नीटच बोलतंय. लाज वाटत असंल तर साखरपुडा नको."

आई रडायलाच लागली. ताईने दुसऱ्या दिवशी नवा व्हिडिओ टाकला, त्याच बोलीत.

त्याखाली कमेंट आली, चक्क मुलाच्या आईची. त्यांचं माहेर बुरोंडीचं, आमच्याच किनाऱ्यावरचं, बोलीही हीच. "गो बाय, मुंबईत माझ्याशी असं बोलणारं कोण नाय. तू ये."

ताईने खाली लिहिलं, "येतंय. पण आधी पोराला शिकवा."