मीटर अजून यायचाय

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा. एक विचारतो. माणसाने काढलेला शब्द न् शब्द खरा असावा, आणि तरी त्याच बोलण्याने दुसऱ्याचा घात व्हावा, असं होतं का? "नाही होत, बुवा" असं कोण म्हणालं? तुम्ही, काका? बरं. ऐका मग.

खाचरवाडी नावाचं गाव. विजेच्या शेवटच्या खांबापलीकडे एकच घर, श्रीधर नारकर सरांचं. एकतीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झाले आणि गच्चीवर सोलर बसवलं. बसवणारा जाताना म्हणाला, "सर, वीज कंपनीचा माणूस येऊन जोडणी तपासेल, नवा मीटर लावेल. मग तुमची जादा वीज लाइनमध्ये जाईल. तोवर या दोन खोल्या बॅटरीवर. बोर्डाला हात लावू नका."

हात लावू नका म्हटलं की हात कुठे जातो? पखवाजवाले हसतायत — यांच्याही गच्चीवर आहे वाटतं.

महिना झाला, माणूस आला नाही. एका सोमवारी फांदी पडून त्या शेवटच्या खांबाअलीकडची तार तुटली. मंगळवारी सकाळी टाकीतलं पाणी संपलं, पंप बंद. सरांनी एक वायर घेतली आणि बॅटरीच्या यंत्रातून थेट घराच्या बोर्डात जोडली. बाहेरच्या लाइनपासून घर तोडणारा मेन स्विच मात्र पाडला नाही. विसरले? नाही. विचार केला! बाहेर तार तुटलेली, म्हणजे परिपथ अपूर्ण. अपूर्ण परिपथात प्रवाह वाहत नाही. हे वाक्य त्यांनी एकतीस वर्षं फळ्यावर लिहून त्याखाली रेघ मारली होती.

पंप चालू झाला. सर खूश.

अकराच्या सुमारास वायरमन बाबू मांडवकर आला. शिडी, कमरेला पट्टा, मागे चार शेजारी — बघायला. गावाच्या त्या टोकाला डीपीवर, ट्रान्सफॉर्मरच्या पेटीपाशी, त्याची सहायक रेश्मा गोताड उभी. तिने फ्यूज काढले, फोनवर कळवलं. शिडीवर पाय ठेवताना बाबूने हाक मारली, "सर, तुमचं सोलर लाइनला जोडलंय का हो?"

साधा प्रश्न. हो म्हणायचं, आत जाऊन स्विच पाडायचा. पण चार माणसं बघतायत. विज्ञानाचा मास्तर, आणि परवानगीआधी स्वतः वायर जोडली म्हणायचं? सर म्हणाले, "मीटर अजून यायचाय."

खरं ना? मीटर आलाच नव्हता.

"मग हरकत नाही," म्हणून बाबू चढला. आणि सर आत निघाले, स्विच पाडायलाच निघाले. पण मंडळी, चालले कसे? सावकाश. घाई केली तर लोकांना संशय येईल. ओटीवर चपला काढल्या. नीट जोडीने ठेवल्या.

तेवढ्यात बाहेर ओरडा झाला. अपूर्ण परिपथ एका माणसाच्या हाताने पूर्ण झाला होता.

पट्टा होता म्हणून बाबू पडला नाही, लोंबकळला. हात भाजला, जीव वाचला. सरांनी आधी स्विच पाडला. मग वायर काढून कपाटात, धोतरांच्या मागे ठेवली. आणि मग बाहेर येऊन म्हणाले, "काय झालं?"

गावाने निकाल लावला. "पोरीने फ्यूजच काढले नसतील. फोनवर बोलत असेल कुणाशी." वीज कंपनीच्या साहेबांनी तिला घरी बसवलं, शुक्रवारी लेखी जबाब द्यायला सांगितलं. आणि सर? देवळात आले नाहीत. दाढी केली नाही. बाबूला बघायला दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेले आणि परत आले.

गुरुवारी दुपारी रेश्मा त्यांच्या ओटीवर आली. त्यांचीच विद्यार्थिनी.

"सर, एक विचारू? फ्यूज काढले तरी तारेत वीज राहते का?"

सरांनी आतून पाण्याचा तांब्या आणून तिच्यापुढे ठेवला.

"तुम्ही शिकवलं होतं, राहत नाही. मला आठवतंय मी तिन्ही काढले. पण राहत नाही म्हटल्यावर मी काढलेच नसणार. उद्या तसं लिहून देते. तुम्ही वाचून बघा, शुद्धलेखन चुकायला नको."

तिने कागद पुढे केला. सरांनी घेतला नाही. कपाट उघडलं, वायर आणून तिच्यासमोर ठेवली, आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. चपला कशा ठेवल्या तेसुद्धा.

रेश्माने कागदाची घडी घातली.

"उद्या साहेबांसमोर मी बोलेन," सर म्हणाले. "बाबूचे पाय धरेन. तुझं नाव धुवून निघेल."

"नाव निघेल हो, सर," ती म्हणाली. "पण तीन दिवस मी माझे हात बघत बसले होते. भाकरी थापतानासुद्धा. यांनी काढले की नाही काढले, यांनाच विचारत होते. ते तीन दिवस कसे धुवून काढाल?"

सर शुक्रवारी बोलले. सगळ्यांसमोर, न चाचरता. दंड, शिक्षा, ते सगळं झालं आणि संपलं. रेश्माचा प्रश्न मात्र तसाच उभा आहे, मंडळी.

काका, मान खाली कशाला घालताय? मी तुमच्याकडे बघून बोलत नाही, सगळ्यांकडे बघून बोलतोय, मी स्वतः त्यात आलो. आपल्याला कुणीतरी खालून हाक मारून विचारलंय, आपण काहीतरी खरंच बोललोय, आणि तो माणूस आपल्या शब्दावर वर चढलाय. आठवतोय का कोण? ज्याला आठवत असेल त्याने गजराला थांबू नये. मागचं दार उघडं आहे. देव रागावणार नाही, तो इथेच आहे. तो माणूस अजून शिडीवर आहे.