चांगले तेवढे देवाला

आराधना : मी पुन्हा विचारते, पप्पा. कांदाचाळीत अगदी आतल्या अंगाला लाल सुतळी बांधलेले दोन क्रेट होते. ते रिकामे का आहेत?

प्रभुदास : आगं, आल्या आल्या पानी तरी पी. चार दिवस राहुरीला शिबिर करून आलीस, तोंड बघ कसं उतरलंय.

आराधना : पाणी नको. कांदे कुठं गेले?

प्रभुदास : तुझ्यासाठी दुसरा क्रेट ठेवलाय की मी बाजूला. मुद्दाम ठेवलाय. कोंब आलेले समदे त्यात घातलेत. लावून टाक बियाला.

आराधना : मी कोंब आलेल्यांचं विचारतच नाहीये.

मेरी : सांगा की आता. रविवारी तर माईकवर सांगत हुता.

(पुणतांब्याच्या शिवारातल्या एका ख्रिस्ती शेतकऱ्याच्या घराची पडवी, मंगळवारची दुपार. प्रभुदास हे घरधनी आणि चर्चच्या मंडळीतले पंच. घरातल्या आणि चर्चमधल्या, दोन्ही खुर्च्यांवर ते सारख्याच ताठ बसतात. आराधना त्यांची एकुलती लेक, वय एकतीस, बियाणं कंपनीतली नोकरी सोडून घरी आलेली. तिची बॅग अजून खांद्यावरच आहे. मेरी तिची आई, भिंतीला टेकून लसूण सोलते आहे. ती कमी बोलते, म्हणून घरात तिला शांत समजतात. हा घराचा गैरसमज आहे.)

प्रभुदास : त्यात लपवन्यासारखं काय हाय? कापनीचा सन हुता. जो तो आपल्या रानातलं पहिलं आन चांगलं देवापुढं आनतो. दरसाल मी मका नेतो. औंदा म्हनलं कांदा न्यावा. बसलो निवडायला. अख्ख्या चाळीत हात घातला, पर जो उचलावा त्यात कायतरी खोड. कुनी मऊ पडलाय, कुनाची मान जाड. आन त्या दोन क्रेटांत, काय सांगू तुला, एकाला झाकावा आन दुसऱ्याला काढावा. साल घट्ट, मान बारीक. सहा म्हैने झाले तरी एकाला कोंब न्हाई.

आराधना : म्हणूनच वेगळे ठेवले होते ते.

प्रभुदास : म्हनूनच नेले की मी पन.

आराधना : किती नेले?

प्रभुदास : दोन टोपल्या.

आराधना : एकशे चाळीस होते, पप्पा.

प्रभुदास : देवापुढं मोजून नेत न्हाईत.

आराधना : बरं. मग अर्पणाचा लिलाव होतो, त्यात कुणी घेतले? नाव सांगा. मी आत्ता जाते आणि परत मागून आणते. पाया पडते, दुप्पट देते.

प्रभुदास : बेंजामिन ठेकेदारानं घेतले. सगळ्या सनातली मोठी बोली आपल्या टोपल्यांना. छगन मागं सरला, केविन सरला, बेंजामिन काय सरेना. आन बोली त्याच्यावर सुटली तसं त्यानं तिथंच प्रीतिभोजनाला देऊन टाकले. रीतच हाय ती.

आराधना : प्रीतिभोजनाला दिले, म्हणजे?

मेरी : म्हंजी रस्सा झाला. तीनशे मानूस जेवलं.

आराधना : रस्सा.

प्रभुदास : आता असं तोंड करू नको. चाळीत चार टन कांदा पडलाय. त्यातले घे तुला हवे तेवढे.

आराधना : पप्पा, मी नीट सांगते, आणि या वेळी तुम्ही पंपाचा विचार न करता ऐका. पहिल्या वर्षी आपल्या साऱ्या रानातल्या कांद्यातून दोनशे निवडले. जे पावसाळाभर चाळीत सडले नाहीत, ज्यांना कोंब आला नाही, तेवढेच. ते लावले, त्यांचं बी धरलं. त्या बियाचे पुन्हा कांदे केले, पुन्हा पावसाळाभर ठेवले, पुन्हा निवडले. कांद्याची एक पिढी दोन वर्षांची असते. सहा वर्षं झाली, तीन पिढ्या. या एकशे चाळिसांचं बी पुढच्या उन्हाळ्यात आलं असतं, तर दिवाळीपर्यंत न कोंबणारा कांदा मी लोकांच्या हातात दिला असता. चव्वेचाळीस शेतकऱ्यांची नावं आहेत माझ्याकडं. लोक भाव येईपर्यंत थांबू शकत नाहीत, कारण त्यांचा कांदा थांबत नाही. तो थांबवायचा होता मला. आणि तुम्ही तो फोडणीला टाकलात.

प्रभुदास : बियाचे हायत हे मला ठाऊक हुतं.

आराधना : ठाऊक होतं?

प्रभुदास : तर. म्हनून तर कोंब आलेले तुला ठेवले. आगं, बियाला आपन सदाच उरलेले लावतो. माझा बाप लावायचा, त्याचा बाप लावायचा. जो इकायला चालत न्हाई, खायला चालत न्हाई, तो बियाला. कोंब आलेला असला की उगवतो बी लवकर. चांगला कांदा मातीत कोन घालतं?

आराधना : आणि म्हणूनच पिढ्यान् पिढ्या आपला कांदा भाद्रपदात कोंबतो. कोंबणाऱ्याचंच बी धरता तुम्ही. दरवर्षी चांगला तेवढा बाहेर काढायचा, रडका तेवढा वाढवायचा. हे मी तुम्हाला पाच वेळा सांगितलंय, जेवताना, याच पडवीत.

प्रभुदास : तू लई सांगतेस. समदं ध्यानात राहत न्हाई.

आराधना : बेंजामिनची बोली बरी ध्यानात राहिली.

प्रभुदास : जीभ आवर. रान माझं हाय, चाळ माझी हाय. माझ्या रानातलं देवाला न्यायचं तर मी पोरीची चिठ्ठी आनू का?

आराधना : हो, आणायची. मी जालन्याची नोकरी सोडली ती तुमच्या रानासाठी नाही सोडली.

प्रभुदास : का सोडली ते मंडळीला कळू दे की एकदा. लोकं काय म्हनतात तुला माहीत न्हाई, मला ऐकावं लागतं. पंचाची पोरगी, एवढी शिकली, लगीन न्हाई, नोकरी न्हाई, कांदे उलटेपालटे करती. म्हनून मी परवा एक कांदा हातात धरला आन माईकवर म्हनलं, बघा, हा माझ्या आराधनाचा कांदा हाय. सहा म्हैने झाले, कोंब न्हाई. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाळकसाहेबांनी तुझं नाव घेऊन प्रार्थना केली. तुला त्याचं काहीच न्हाई?

आराधना : टाळ्या तुम्हाला मिळाल्या, पप्पा. मला रिकामे क्रेट मिळाले.

प्रभुदास : म्हंजी बापानं केलं ते समदं पान्यात.

आराधना : रश्श्यात. शिबिरात आम्हाला कागद दिला होता. पाच वर्षांत काय गाठायचं, दोन वर्षांत काय, या महिन्यात काय. लोकांना सुचत नव्हतं. माझा दहा मिनिटांत भरला. या महिन्यात : एकशे चाळीस कांदे लावणे. मॅडमनी सगळ्यांना वाचून दाखवला. म्हणाल्या, ध्येय असं हवं, बोटावर मोजता येईल असं. मी तिथं टाळ्या घेत होते तेव्हा इथं तुम्ही टोपली भरत होतात. आता काय लिहू? सहा वर्षं मागं जा, असं लिहू?

मेरी : त्यो कागद मी वाचला.

आराधना : कधी?

मेरी : आत्ताच. आल्या आल्या टेबलावर टाकून तू चाळीत गेलीस तवा. सगळा वाचला. आमाला मिशनच्या बाईनं वाचायला शिकवलंय.

आराधना : मग तुला तरी कळलं असेल.

मेरी : कळलं. जमीन किती, पानी किती, बी किती, नफा किती. आन खाली कामगार म्हनून रकाना हाय. त्यात लिव्हलंस, "घरचे, एक, बिनपगारी." ती एक कोन?

आराधना : आई, तो फॉर्म असतो. तसंच लिहायचं असतं.

मेरी : कोन हाय ती?

आराधना : तू.

मेरी : मी. मला वाटलं म्हस हाय का काय.

प्रभुदास : मेरी, तू यात कशाला पडतीस?

मेरी : पडते. तुमी दोघं माझं माझं करताय मघापासनं. याचं रान, हिची सहा वर्सं. पहिली तीन वर्सं ही जालन्याला हुती. फोनवर सांगायची, आई आज क्रेट बघ, आई मऊ पडलेला काढ. कांदे चाळीत असले का पावसाळाभर दर आठ दिसाला एकेक कांदा हातात घेऊन कोन फिरवत हुतं? वास घेऊन कोन सांगत हुतं, हा चार दिसांनी बसनार? हिला अजून वास येत न्हाई. बघून ठरवती. सडका कांदा बघून कळत न्हाई, आधी वासानं कळतो.

आराधना : मी कधी नाही म्हटलं का?

मेरी : म्हनलीबी न्हाईस, लिव्हलंबी न्हाईस.

आराधना : एवढं होतं तर मग थांबवायचं होतंस ना यांना. घरातून दोन टोपल्या बाहेर गेल्या, तुला दिसल्या नाहीत?

मेरी : मी पहाटंच गेल्ते भाकरी थापायला, बायांसंगं. हे मागनं आले. मला कळलं ते पुढ्यात परात आली तवा. एक कांदा चिरला आन हात थांबला. आत जोड न्हाई, मधी एकच गाभा. दुसरा चिरला, त्योच. मंग साल बघितली. आपल्या हातनं फिरवलेला कांदा मानूस वळखतो.

आराधना : मग?

मेरी : मंग तुला फोन लावला. दोनदा. उचलला न्हाईस.

आराधना : सेशन चालू होतं.

मेरी : हां. कागद भरत हुतीस.

प्रभुदास : मला हाक मारायची.

मेरी : तुमी माईकवर हुता. आनि तीनशे लोकांपुढं उठून काय म्हनू, पंचांनी पोरीचे कांदे उचलून आनले? तुमची लाज राखली. बाकीच्या परातींत सुऱ्या चालूच हुत्या. माझ्या परातीतले तेवढे काढले. एकवीस. पदराखाली घातले आन टिफिनच्या पिशवीत टाकले.

प्रभुदास : देवाला दिलेलं उचललंस?

मेरी : उचललं.

प्रभुदास : पंचाची बायको तू. अर्पन केलेलं परत घेतलंस, ते बी चोरून. मला पाळकसाहेबांना सांगावं लागंल.

मेरी : सांगा. आन दिलं तवा ते तुमचं हुतं का, हे बी सांगा. एका दमात दोन्ही सांगा, मंग बघू ते कुनाला आधी गुडघ्यावर बसवतात.

प्रभुदास : मी चांगल्या मनानं नेले हुते.

मेरी : मनाचं काय घेऊन बसलाय? हात लावायच्या आधी विचारायचं असतं.

आराधना : आई, ते एकवीस कुठं आहेत?

मेरी : हायत.

आराधना : एकविसांवर वाण टिकत नाही. शंभर तरी लागतात, नाहीतर पुढच्या पिढीत बी अशक्त निघतं. पण काहीच नसण्यापेक्षा बरं. दे इकडं. आज संध्याकाळच्या आत लावते, मग पुढचं बघते.

मेरी : एकवीस न्हाईत. ब्यांशी हायत.

आराधना : ब्याऐंशी? कुठून आले?

मेरी : तू चपटे म्हनून बाजूला फेकत हुतीस ना, दर निवडीला? त्यातले न सडलेले मी माझे ठेवत हुते. पलंगाखाली. तुझ्यासारखेच लावायचे, पर माझ्या माहेरच्या रानात, बी धरायचं, परत ठेवायचे. एकसष्ट हुते औंदा. तुझे बी नगास नग दिवाळीपतोर थांबले, माझे बी थांबले.

आराधना : चपटा कांदा बाजारात चालत नाही, आई.

मेरी : बाजारात न चालंना. चाळीत चालतो. तुझे चव्वेचाळीस जन चाळीसाठीच रडत्यात ना? एकाला तरी विचारलंस, गोल पायजे का टिकाऊ?

आराधना : सहा वर्षं तू हे करत होतीस आणि मला बोलली नाहीस?

मेरी : तू बी कधी पलंगाखाली वाकून बघितलं न्हाईस.

आराधना : ठीक आहे, माझं चुकलं. आता ते दे. गोल आणि चपटे एकत्र लावू नको, मिसळतील. मी अंतर काढून देते.

मेरी : लावले.

आराधना : लावले? कधी?

मेरी : काल सकाळी. एकत्रच लावले. मिसळू दे म्हनलं. तुझा गोल, माझा चपटा, बघू काय निघतं ते.

आराधना : आई, तू माझ्या तीन पिढ्या मिसळून टाकल्यास? मला न विचारता?

मेरी : व्हय. या घरात तशीच रीत हाय.

प्रभुदास : कुठं लावलेस गं? मला रानात कुठं दिसलं न्हाई.

मेरी : तुमच्या रानात न्हाईच लावले. शेजारच्या कडूबाईचं दोन गुंठं पडीक हुतं तिच्या विहिरीजवळ, ते मागून घेतलं. तिचं पानी, माझे कांदे, बियात तिसरा वाटा तिचा. बोलनं झालंय आमचं.

आराधना : म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात बी येईल ते तुझं.

मेरी : माझं आन कडूबाईचं.

आराधना : आणि मला?

मेरी : तुला देईन की. इकत देईन.

आराधना : मला विकत देणार. पोटच्या पोरीला.

मेरी : चव्वेचाळीस गिऱ्हाईक तुझ्याकडं हायत, माझ्याकडं एकबी न्हाई. तू इक, मी पिकवते. रागाव, आदळआपट कर, पर बिनपगारी आता न्हाई.

आराधना : बरं. पुढच्या आठवड्यात पाकिटं छापायला टाकायची आहेत. वाणाचं नाव आराधना असं ठरलं होतं. ते तर आता राहिलं नाही. तुझ्या बियाचं काय नाव छापायचं?

मेरी : थांब जरा. विचार करू दे. मला हे पहिल्यांदाच कुनी विचारलंय.