डेलचं गाणं आणि माझं मत

आता तुम्हीच सांगा, यात माझी काय चूक? शुगर लँडला आमच्या शेजारी डेल राहायचा. कंट्री म्युझिकची गाणी लिहायचा. त्याचे वडील फिडल, म्हणजे आपलं व्हायोलिनच, वाजवायचे, दोघी बहिणी गायच्या. घरचे सगळे कशालाही "ब्यूटिफुल" म्हणतात, म्हणून नवं गाणं झालं की हा गिटार घेऊन कुंपणापाशी यायचा आणि मला ऐकवायचा.

एकदा त्यानं त्याच्या आईच्या जुन्या ट्रकवरचं गाणं ऐकवलं. मला ते मनापासून आवडलं, खरंच. मी म्हणालो, "नॉट बॅड." आमच्याकडे यापुढे कौतुक जातच नाही. मी बोर्डात आलो तेव्हाही बाबा "बरंय" एवढंच म्हणाले होते. पुढच्या आठवड्यात डेल तेच गाणं बदलून घेऊन आला. मी परत, "नॉट बॅड." असं कित्येक वर्षं चाललं, यार! मला वाटलं, हौस आहे माणसाची.

मागच्या महिन्यात डेल गेला. मेमोरियलला त्याची बहीण माइकवर म्हणाली, "हे गाणं त्यानं कधी रेकॉर्डच केलं नाही. शेजाऱ्यांना शेवटपर्यंत आवडलं नाही ना!" सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. बायकोनं चिमटा काढला. मग दोघी बहिणींनी ते ट्रकचं गाणं गायलं, अगदी पहिल्या दिवशी त्यानं मला ऐकवलं होतं तसंच. मी ढसाढसा रडलो. बहीण जवळ येऊन म्हणाली, "आता तरी सांगा, कसं वाटलं?"

आणि माझ्या तोंडून काय निघावं? "नॉट बॅड."

बायकोनं दंड धरून मला थेट गाडीत नेऊन बसवलं. अरे, इतकं सुंदर गाणं मी आयुष्यात ऐकलं नाही! पण आता हे तुम्हाला सांगून काय उपयोग?