गंगाधर मिस्त्रींचं प्लायवूडचं टेबल

सरपंच, शाळेचे गुरुजी, वरच्या आळीतली आणि आमच्या भीमनगरातली माणसं, आणि भागीरथीमामी,

आपण सगळे एका पटांगणात, एकाच सतरंजीवर बसलो आहोत. असं फार वेळा झालेलं नाही. मला बोलायची सवय नाही. सूतगिरणीत दिवसभर मशिनांचा आवाज असतो, हातानं खूण केली की काम भागतं. आज भागणार नाही. म्हणून मला जे नक्की ठाऊक आहे, तेवढंच सांगते.

गंगाधर मिस्त्री, आपल्या गावचे सुतार, सोमवारी पहाटे गेले. मी त्यांना मामा म्हणायचे. नात्यानं नाही. आमच्या घराचा दरवाजा त्यांनी दोनदा केला. पहिला मी लहान असताना. दुसरा नामांतराच्या दंगलीनंतर. पहिल्या दरवाजाचं काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे, ते मी आज काढत नाही. दुसरा दरवाजा मामांनी भर दुपारी, वरच्या आळीतून, स्वतःच्या डोक्यावरून आमच्याकडे आणला. कोणी काय म्हणालं असेल ते त्यांनी कधी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

मला सांगायचं आहे ते त्यांच्या टेबलाबद्दल. ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे. ते कसं झालं, हे थोड्यांनाच माहीत आहे.

आपल्याकडे सुतार बसून काम करतो. लाकूड जमिनीवर. दोन्ही हात हत्याराला, आणि लाकूड धरायला पाय. मामांच्या उजव्या पायाला लाकूड तासताना हातातलं हत्यार, वाकस, लागला. त्यांना साखरेचा आजार होता, जखम भरली नाही. परभणीला पाऊल काढावं लागलं. हात शाबूत होते, नजर शाबूत होती. पण लाकूड धरणार कशानं?

पाडवा जवळ आला होता. गावातल्या औतांचं वर्षाचं काम कोणत्या सुताराकडे, हे पाडव्याला ठरतं. देवगाव फाट्यावरच्या एका सुताराशी बोलणं सुरू झालं होतं. त्यात कुणाची चूक नव्हती. पेरणी कुणासाठी थांबत नाही. पण एकदा गेलेलं काम परत येत नाही, हे मामांनाही कळत होतं. माझे वडील तेव्हा शाळेत शिकवायचे; ते भेटायला गेले, तेव्हा मामा म्हणाले, "गुरुजी, मी आता मिस्तरी न्हाई. मिस्तरीच्या घरात बसलेला माणूस हाय."

वडिलांनी मला ते सांगितलं. मी रविवारी गेले.

मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आहे. आमच्या वर्कशॉपमध्ये सुतारकाम उभ्यानं शिकवत. जड टेबल, आणि लाकूड धरायला टेबलाला लावलेला शिकंजा. मी म्हणाले, "मामा, लाकूड टेबलाला धरू द्या. तुम्ही उभे राहा."

"उभ्यानं? उभ्यानं लगीन लावतेत. सुतारकी न्हाई."

"करून तर बघू."

"बघ. तू इंजिनेर. मला काय, मी बसलोच हाय."

टेबल जड हवं. रंधा मारताना ते जागचं हललं, तर उपयोग नाही. त्या जाडीचं सागवान कुठून आणायचं? गिरणीत मशिनं प्लायवूडच्या पेट्यांतून आली होती. त्या पेट्या मागच्या शेडमध्ये पडून होत्या. मॅनेजरांना विचारून मी त्या बैलगाडीनं आणल्या. मामांनी एक तुकडा कानाजवळ नेला आणि बोटानं वाजवला.

"हे काय हाय?"

"प्लायवूड. लाकडाचे पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवलेले. एकाचे रेषे उभे, त्यावरच्याचे आडवे. म्हणून ते चिरत नाही."

"म्हंजी पापड."

"असे बरेच थर आणखी एकमेकांवर चिकटवले की फरशीसारखं होतं."

"पापडाची चवड. आन् तू मला पापडावर उभं करायलीस."

"पापडावर नाही मामा. पापडापाशी."

ते हसले. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा, असं मामींनी मला नंतर सांगितलं.

फळ्या सरसानं चिकटवल्या की त्यांच्यावर सारखा दाब लागतो. एवढे मोठे शिकंजे आपल्याकडे कुठले? मामी घरोघर फिरल्या. ज्वारीचं एक पोतं द्या, उद्या परत न्या, एवढंच म्हणाल्या. वरच्या आळीतून पोती आली, भीमनगरातूनही आली. सगळी एकावर एक रचली. दुसऱ्या दिवशी कोणाचं पोतं कोणतं, ते ओळखू येईना. चांगलंच भांडण लागलं. मामा खाटेवरून म्हणाले, "भांडा, भांडा. पण पोत्यावर बसून भांडा. तेवढंच वजन."

त्या दिवशी कोणाची ज्वारी कोणाच्या घरी शिजली, ते आजही नक्की नाही.

पाय बाभळीचे केले. ते लाकूड मामांचंच होतं. उंची त्यांच्या मनगटाइतकी ठेवली. कुबडी बाजूला ठेवून कंबर टेकता यावी, म्हणून पुढची कड गोल केली. शिकंज्याचा स्क्रू गिरणीच्या भंगारातला. पाडव्याच्या आधी टेबल सुतारमेटात उभं राहिलं. सुतारमेट म्हणजे मामांच्या घरापुढचं ते छप्पर, गिरणीतून आलेल्यांसाठी सांगते.

आणि मग मामींनी ते धुतलं.

हसू नका. तुम्हीही तेच केलं असतं. आपल्याकडे नवी बैलगाडी आली, नवं औत आलं, की आधी पाण्यानं धुवायचं, मग हळदकुंकू लावायचं. मामींनी कळशीभर पाणी ओतलं, हातानं चोळलं, नारळही फोडला. सरस पाण्याला टिकणारा नव्हता. मी ते मामांना सांगितलं होतं. मामांनी मामींना सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एक कोपरा फुगला आणि थर सुटले. मी पोचले तेव्हा मामी उंबऱ्यात बसून होत्या. म्हणाल्या, "माझ्याच हातानं त्यांचं काम बुडालं." पुन्हा चिकटवून वाळायला वेळ नव्हता. मी तसं स्पष्ट सांगितलं.

मामा कुबडीवर उठले. टेबलाभोवती फिरून त्यांनी सगळीकडे वाजवून पाहिलं.

"इंजिनेर, बाकीचं धड हाय का?"

"धड आहे."

"मग रडायलाव कामून? फुगला तेवढा कोपरा कापायचा आन् बाभळीचा बसवायचा. गाडीच्या चाकाला जन्मभर दुसरं काय केलं म्या?"

त्यांनी करवत मागितली. मी आधार द्यायला पुढे झाले, तर म्हणाले, "लांब हो. पडंल तर मिस्तरी पडंल. तू मधी नको." कंबर टेकली, तोल सांभाळला आणि कोपरा कापला. बाभळीचा तुकडा शिकंज्यात धरला, रंध्यानं सरळ केला, सांधा जुळवला. मंडळी, त्या टेबलावर मामांनी उभ्यानं केलेलं पहिलं काम म्हणजे ते टेबलच. मामी तोवर रडायच्या थांबल्या होत्या. त्यांनी चहा ठेवला. सगळ्यांना एकसारख्या कपांत दिला. मलाही.

पाडव्याला औतांचं काम ठरवायला आबा आले, बरोबर गावची जाणती माणसं. आबा इथे समोर बसले आहेत, चुकलं तर सांगतील. त्यांनी विचारलं, "मिस्तरी, उभ्यानं केलेला वखर चालंल का?"

मामा म्हणाले, "बसून केलेला चालत होता आबा. उभ्यानं केलेला पळंल."

वखराचं खोड त्यांनी शिकंज्यात धरलं. सगळ्यांसमोर दांडीचं भोक पाडलं आणि दांडी ठोकून बसवली. आबांनी ती दोन्ही हातांनी हलवून पाहिली. दांडी हलली नाही. आबा बरोबरच्या माणसांकडे वळले. मग म्हणाले, "फाट्यावर निरोप धाडा. येऊ नका म्हणावं."

त्यानंतरची प्रत्येक पेरणी या गावानं मामांच्या तिफणींवर केली. हे तुमच्या शेतातलं आहे, मी वेगळं सांगायला नको. गेल्या आठवड्यात त्यांचा दुसरा पायही सुजला होता. मामी म्हणाल्या, आता बसा. ते बसले नाहीत. शनिवारी संध्याकाळी कोणीतरी दारात येऊन हाक मारली, "मिस्तरी हायेत का?" आतून मामाच म्हणाले, "हाय की. ये."

माणूस गेल्यावर त्याचे गुण सांगतात. मला ते नीट जमत नाही. गंगाधर पांचाळ या गावचे मिस्त्री होते आणि मिस्त्री म्हणूनच गेले. मला एवढंच तुमच्यासमोर सांगायचं होतं.

आता आपण त्यांच्यासाठी थोडा वेळ शांत उभे राहू. ज्यांचे गुडघे दुखतात, त्यांनी शेजारच्याच्या खांद्याचा आधार घ्यावा. शेजारी कोण आहे ते बघायची गरज नाही.

उभे राहू या.