चार नंबरचा ग्लास

...आणि वर मलाच विचारतात, तुमचा चेहरा का उतरलाय म्हणून! अहो, उतरेल नाही तर काय? पण आधीच सांगून ठेवतो, मी माझ्या साडूवर जळत नाही. अजिबात नाही. माझं म्हणणं एवढंच, की ज्या माणसाला वर्षापूर्वी बिअरला फेस कशानं येतो ते ठाऊक नव्हतं, त्याला घरच्या घरी स्टाऊट, म्हणजे ती काळी हो, दाट, कडू, ग्लासापलीकडचा माणूस दिसू नये अशी, ती करायला शिकवली कुणी? मी! पातेलं माझं, थर्मामीटर माझं, यीस्टसुद्धा माझ्या फ्रिजमधलं, जॅमच्या बाटलीशेजारी ठेवलेलं, ज्यावरून आमच्या हिनं दोन दिवस अबोला धरला होता... आणि आज तीच ही काय म्हणते? "धाकटीच्या नवऱ्याच्या हाताला काय चव आहे हो!" अकरा वर्षं माझी बिअर पितेय. अकरा वर्षांत मला काय म्हणाली? "बरी आहे."

तर तुम्हाला सांगतो, आमचं घरी बिअर करणाऱ्यांचं एक मंडळ आहे. वर्षातून एकदा स्टाऊटची परीक्षा. जो पहिला येईल त्याची बिअर कोपऱ्यावरच्या बिअर हॉलचा मालक हिवाळाभर नळाला लावून विकतो आणि वरच्या पाटीवर खडूनं त्याचं नाव लिहितो. बस, एवढंच हवंय मला. खडूनं का होईना, पाटीवर नाव. अकरा वर्षं मी त्या पाटीखाली बसून दुसऱ्यांची नावं वाचतोय. आणि हा पठ्ठ्या पहिल्याच वर्षी अर्ज भरतो! मी जळत नाही हां, पण काही रीत आहे की नाही?

परीक्षा आम्हीच आमची घ्यायची. आठ ग्लास, प्रत्येकाखाली नंबर, कुणाचा कुठला ते फक्त मालकाच्या बायकोला माहीत. आधी बघायचं, मग हुंगायचं, मग एक घोट, मग वीसपैकी मार्क आणि खाली दोन ओळींचा शेरा. शेरे ती बाई टाइप करून ज्याचे त्याला देते, म्हणजे अक्षरावरून भांडणं नकोत.

पहिले तीन ठीक होते. चौथा नाकाशी नेला आणि... कॉफी! चांगला दणदणीत कॉफीचा वास! म्हटलं, सापडला. कारण महिन्यापूर्वी साडूच्या स्वयंपाकघरात मी स्वतः पाहिलं होतं, हा पिंपात कॉफी ओतायला निघाला होता. मी म्हटलं, अहो घालू नका, भाजलेल्या बार्लीलाच तो वास येतो. त्यानं मान डोलावली. पण मान डोलावणारी माणसं कधी ऐकतात का, तुम्हीच सांगा! दिले वीसपैकी तीन. शेरा लिहिला, "करपट आणि पाणचट. करणाऱ्यानं बागकामाकडे लक्ष द्यावं." आता हे काय जळणं झालं? मार्गदर्शन आहे ते!

मग आला सहावा. काय सांगू... फेस असा, की वर काडेपेटी ठेवावी. आधी चॉकलेटचा भास, मग सावकाश येणारा कडूपणा, आणि घोट गेल्यावरही जीभ म्हणते, थांबा, मी अजून आहे. म्हटलं, ही माझी! आपलं लेकरू आपल्याला ओळखू येणार नाही? वीसपैकी वीस. स्वतःला मार्क देऊ नयेत असा नियम नाही, सगळे नियम मी दोनदा वाचलेत. शेरा, "या माणसाच्या हाताला चव आहे."

मालक उभा राहिला. "पहिला नंबर, सहा." मी उठलो, कोटाचं बटण लावलं, दोन पावलं टाकली... आणि त्यानं साडूचं नाव घेतलं! आता निम्म्या वाटेत माणूस काय करणार? तसाच पुढे गेलो आणि साडूला मिठी मारली. सगळे म्हणाले, बघा, याला म्हणतात मोठं मन!

दुसरा कोण? चार नंबर. मी! कितीनं हरलो? नऊ मार्कांनी. आणि माझ्या एकट्याच्या कागदावर फरक किती? सतरा! अहो, मी त्या दिवशी घरी झोपून राहिलो असतो तरी पाटीवर माझं नाव लागलं असतं!

परत येताना साडू शेजारून चालतोय, बगलेत माझंच पातेलं. म्हणतो, "दादा, तुमचं ऐकलं आणि कॉफी घातली नाही, म्हणून जमलं बघा." मी कोटाचं बटण काढलं. म्हणतो, "चार नंबर तुमचा हे मी वासावरून लगेच ओळखलं. एकोणीस दिले." मी ते पुन्हा लावलं. मग माझ्या हातातले शेरे घेऊन वाचायला लागला आणि बागकामाशी येऊन थांबला. इतका चिडला, इतका चिडला, की पातेलं रस्त्यावर ठेवलं.

"दादा, ह्याला बिअरमधलं ओ का ठो कळत नाही. नुसता जळतोय हो हा माणूस! कोण आहे? ओळखता तुम्ही?"

आता काय सांगणार, तुम्हीच सांगा... रोज सकाळी दाढी करताना भेटतो.