पेजर की वायरलेस

आमच्या कारखान्यात निरोपांसाठी काय घ्यायचं, यावरून एकदा माझं लय वाजलं होतं. इस्लामपूरकडचा साखर कारखाना, मी शेती खात्यात. मी म्हणालो, बाहेरच्या कंपनीचे पेजर घेऊ, आपल्याला काही सांभाळायला नको. आमचे ऑपरेटर जाधवकाका फौजेतून रिटायर झालेले. ते म्हणाले, "आवं सायेब, पेजरवर निरोप येतोय, पण आपल्याला उलट बोलता येत न्हाई. आपला सोताचा वायरलेस बरा." संचालकांनी त्यांचंच ऐकलं. मी आठवडाभर फुगून होतो.

त्याच हंगामात मी कारखान्याच्या कडेगावच्या गट ऑफिसात असताना ऊसतोड टोळीतल्या एका बाईला दारातच कळा सुरू झाल्या. फोन बंद पडलेला. मी वायरलेस उचलला. काकांनी जीप धाडली आणि कारखान्याच्या डॉक्टरीणबाईंना सेटपुढं आणून बसवलं. त्या सांगत गेल्या, मी टोळीतल्या बायांना सांगत गेलो. जीप पोचायच्या आत बाळ रडलं.

संध्याकाळी काकांचे पाय धरायला गेलो. ड्यूटी कधीच संपली होती, तरी ते सेटपुढंच बसलेले.

"पाया काय पडताय?" ते म्हणाले. "आदी सांगा, पोरगी का पोरगा? तेवढं न सांगताच सेट बंद केलासा की!"