हलकी लिव्हर

– तिथं नको मॅडम, त्या चेनवर चिखल आहे, घसराल. या बाजूनं या. हं. केबिनमध्ये दोघं मावतात, श्वास तेवढा आळीपाळीनं घ्यायचा. तर खाली मी काय सांगत होतो – दोष मशीनमध्ये आहे. हे आधी डोक्यात घ्या आणि मग तुमचा लॅपटॉप उघडा. बाहेर बघा, काचेतून. ही जमीन म्हणजे गोदामाची फरशी व्हायचीय, ताटासारखी सपाट पाहिजे, आणि झालंय काय? छपराचा पत्रा अंथरावा तशा बारीक बारीक लाटा. मी काढल्यात का त्या? मी बुलडोझर चालवायला लागलो तेव्हा तुम्ही – जाऊ दे, बायकांचं वय काढू नये. मी पातं टेकवून पुढं गेलो की माझ्यामागं अशी जमीन यायची की लोकांना बूट घालून चालायची लाज वाटायची. आणि आता सुपरवायझर म्हणतो, मशीनच्या कंपनीची इंजिनिअर बाई येऊन बघेल, दोष मशीनचा निघाला तर ठीक, नाहीतर तुम्ही उतरा आणि सीट मेहुण्याला द्या. मला म्हणतो. तोंडावर. आणि त्याला बोलावूनही ठेवलाय, बघा तिकडं, डिझेलच्या पिंपाशी उभा आहे, बोहल्यावर चढायला निघाल्यासारखा.

मेहुणा म्हणजे माझाच, बायकोचा धाकटा भाऊ. दुपारची पाळी त्याची – हेच मशीन, हीच सीट. मीच आणला त्याला इथं, मीच शिकवलं, आणि आता त्याची जमीन आरशासारखी येते म्हणे. येणारच. दुपारी तेल तापलेलं असतं. सकाळी मी बसतो तेव्हा ते गार, घट्ट, रुसून बसलेलं – आणि नाव माझं खराब. हे लिहून घ्या. बरं, नका लिहू. चहा घ्या आधी. हा थर्मास. तुम्हीच ओता. माझाही भरा – पूर्ण भरा, हात आखडू नका. घरी मला हल्ली अर्धाच कप मिळतो. लग्न झाल्यापासून काठोकाठ देणारी बाई, आता एकाएकी काटकसर सुचलीय तिला. विचारलं तर म्हणते, गरम राहतो, मी दोनदा देते ना. दोनदा. म्हणजे चहा तेवढाच आणि चकरा दुप्पट, हिशेब बघा बाईचा. शर्टही बटणं लावून ठेवते, फक्त डोक्यावरून घाला म्हणते, जसा काही मी बालवाडीत चाललोय. ठेवा कप इथं, पुढ्यात. घेतो मी. गार झाला तरी मला चालतो.

तर तुमचं हे इलेक्ट्रो-हायड्रॉलिक. समजावून सांगू नका, समजलंय मला. जुन्या मशीनला लिव्हर म्हणजे लिव्हर होती, मनगटाएवढी जाड, तिच्याखाली सळ्या आणि सळ्यांच्या टोकाला व्हॉल्व्ह. सगळं अंग घालून ओढायची. पात्याखाली दगड आला की आधी माझ्या खांद्याला कळायचं. आणि आता ही – ही एवढीशी दांडी. बोटानं ढकला. ढकलली की पातं हलतं का? छे. दांडीखालचा सेन्सर सीटमागच्या त्या कॉम्प्युटरच्या डब्याला कळवतो, की बाबा रे, हात एवढा हलला. डबा विचार करतो. मग तो वायरीतून कॉइलला करंट पाठवतो, कॉइल एक इवलासा व्हॉल्व्ह उघडते, त्यातून थोडंसं तेल निघतं – तेच तुमचं पायलट – आणि ते थोडंसं तेल जाऊन मोठ्या व्हॉल्व्हला ढकलतं. तेव्हा कुठं पंपाचं खरं जोराचं तेल सिलिंडरात शिरणार आणि पातं उठणार. म्हणजे आमच्या घरासारखंच. ही जमीन बिघडल्यापासून मेहुण्याशी माझं बोलणं बंद आहे. एकाच टेबलाशी जेवतो, पण मी बायकोला सांगायचं आणि बायकोनं भावाला. मी म्हणतो, सांग त्या गाढवाला, पाळी संपली की सीट परत पुढं सरकवत जा. ती म्हणते, अरे, यांना सीट जरा पुढं लागते रे. मी ढकलतो एवढं आणि तिकडं पोचतं एवढंसं. तुमचा डबा मात्र उलट्या स्वभावाचा. माणसानं काही केलं न केलं, सगळं इमानेइतबारे पुढं पोचवतो. चहाडखोर आहे मेला.

हो, कालचं आलंच असेल तुमच्या कानावर. तो मोजणीवाला, पात्यापुढं पट्टी धरून उभा असतो तो. पातं जरासं खाली आलं, त्याच्या पायाशी, तर त्यानं केवढा गहजब केला. पाय आहे ना जागेवर? मग. मी काही हलवलंच नव्हतं. नुसता हात ठेवला होता दांडीवर. – काय? इंजिन बंदच ठेवायचं? फक्त किल्ली फिरवतो, हं, झालं. लावा तुमची वायर. लॅपटॉपवरची ही हिरवी रेघ म्हणजे या दांडीचा सेन्सर काय? लावा हात. सरळ आहे की. ढकला. वर गेली. सोडा. परत सरळ. बघा कसा शहाण्यासारखा वागतोय, डॉक्टर आला की पोटदुखी थांबते तसा. मी ठेवू? कशाला? बरं, ठेवतो, माझं काय जातंय.

हं, ठेवला. – मी ढकलत नाहीये हां, नुसता ठेवलाय. – ही रेघ अशी का करतेय? करवतीच्या दात्यांसारखी? तुमची वायर सैल असेल, दाबा जरा. दाबली? मग दुसऱ्या टोकाची दाबा. नाहीतर तेल, मी म्हटलं ना, सकाळचं गार तेल – हो. इंजिन बंद आहे. तेल कुठंच जात नाहीये. हे नुसतं दांडीचंच आहे म्हणता. – थांबा, मी हात काढतो. सरळ. ठेवतो. – काढतो. – ठेवतो.

वायर नाही, तेलही नाही. मग उरला माझा हात.

काय म्हणालात? सेटिंग आहे? दांडी मंद करता येते? म्हणजे हात थोडा इकडंतिकडं झाला तरी डबा कानाडोळा करणार. बायकोसारखा. आणि जमीन? बरीचशी सपाट येईल. कुणाला काही सांगायचीही गरज नाही – नाही, हे तुम्ही नाही म्हणालात, मी म्हणतोय. तुम्ही कशाला म्हणाल. – पण मला सांगा, उद्या मोजणीवाला ओरडला आणि मला पातं झटकन उचलायचं झालं, तर? तेही मंदच उठणार? – हं. म्हणजे त्याचा पाय खाली आणि डबा आपला विचार करत बसणार.

मग नको. आहे तसंच राहू द्या. काल घरी गेल्यापासून मी त्याच्या पायाचाच विचार करतोय, मॅडम. जेवण गेलं नाही. भीती वाटते मला या दांडीला हात लावायची, आणि दांडी तर बिचारी एवढी हलकी. जुन्या लिव्हरला कळलंच नसतं हे, ती असल्या बारीकसारीक कुरबुरींकडं बघायचीसुद्धा नाही. आणि ती घरातली बाई. अर्धा कप, लावलेली बटणं, दाढी न्हाव्याकडंच करा म्हणून मागं लागलेली – म्हणजे तिला कधीपासून ठाऊक आहे. आणि मी आपला काटकसर काटकसर म्हणून परक्या माणसांपुढं तिची टिंगल करत बसलोय.

लिहा, मशीनमध्ये दोष नाही. स्वच्छ अक्षरात लिहा, सुपरवायझरला वाचायचा कंटाळा आहे. मेहुण्याला तुम्ही काही सांगू नका, आणि माझ्या बायकोकडूनही जायला नको. मीच सांगतो, या खिडकीतून, थेट. सीट पुढंच आहे, तुझी तू मागं घे म्हणून. आवाज अजून हलत नाही माझा. – उतरा आता तुम्ही. मला थोडं बसू द्या इथं. चिखल बघून पाय टाका. आणि जाता जाता हा कप – गार झालाय, बाहेर ओतून टाका. दुसरा द्या. अर्धाच. – अर्धाच म्हटलं ना. हं. ठेवा इथं, आणि जा.